छातीवर पाटी नसताना

आमच्या चर्चचे, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे, मिशनरी लांबूनही ओळखू येतात. कायम दोघं-दोघं, नीटनेटका पोशाख, छातीवर काळी पाटी आणि तिच्यावर त्यांचं आडनाव व चर्चचं पूर्ण नाव. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. २०१२ मध्ये वयाची अट खाली आली, तेव्हापासून अठरा वर्षांचे मुलगे जगभर या कामाला निघू लागले. त्या काळात नोकरी नाही, कॉलेज नाही, प्रेमात पडणं नाही. ते कशासाठी आलेत हे दार उघडणाऱ्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असतं. बोलायचं नसेल तर तो हात जोडून मोकळा होतो. यात कुणाची फसगत होत नाही.

माझ्या छातीवर अशी पाटी नाही. माझ्या आयुष्यातली माणसं माझ्याकडे वेगळ्याच कारणांनी आली. कुणी शेजारी म्हणून, कुणी एकाच ऑफिसात काम करतो म्हणून, कुणी मुलं एका वर्गात आहेत म्हणून. त्यांनी माझ्याशी ओळख केली ती देवाविषयी ऐकायला नव्हे. आणि तरीही बाप्तिस्मा घेताना मी देवाशी जो करार केला, तो त्या मिशनऱ्यांइतकाच मलाही लागू आहे. बुक ऑफ मॉर्मन या आमच्या धर्मग्रंथात आल्मा नावाचा धर्मगुरू रानातल्या एका पाणवठ्याशी जमलेल्या लोकांना विचारतो: एकमेकांची ओझी हलकी व्हावीत म्हणून ती वाहायला तयार आहात का? शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायला? आणि सर्व काळी, सर्व गोष्टींत, सर्व ठिकाणी देवाचे साक्षीदार म्हणून उभं राहायला? असाल, तर मग बाप्तिस्मा घ्यायला आडकाठी कसली?

हा उतारा मी किती वेळा वाचला असेन, आणि दर वेळी माझं लक्ष त्यातल्या क्रमाकडे जातं. ओझी आधी येतात, शोक त्यानंतर, आणि साक्ष सगळ्यात शेवटी. आमच्याकडे साक्षीवर भरपूर बोललं जातं, १९५९ पासून तर अधिकच. त्या वर्षी तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड ओ. मकाय यांनी ‘प्रत्येक सदस्य मिशनरी’ हे वाक्य सगळ्या चर्चपुढे ठेवलं आणि ते आजही व्यासपीठावरून ऐकू येतं. वाक्य मला मनापासून पटतं. पण प्रत्येक सदस्य मिशनरी असला, तरी प्रत्येक ओळख ही मिशन नसते. हे कसं सांभाळायचं, हाच माझ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे.

मी या चर्चमध्ये जन्मलेली नाही, मोठेपणी आले. एका मैत्रिणीने मला बुक ऑफ मॉर्मनची प्रत दिली, तीही मी मागितल्यावर. शेवटच्या काही पानांत मोरोनाय, म्हणजे त्या ग्रंथातला शेवटचा लेखक, वाचकाला सांगतो की हे सारं वाचा, देव माणसांवर आजवर किती दयाळू राहिला आहे ते आठवा, आणि मग हे खरं आहे की नाही ते ख्रिस्ताच्या नावाने देवालाच विचारा. प्रामाणिक मनाने विचाराल तर पवित्र आत्मा ते तुम्हाला कळवील. त्या ओळींशेजारी तिने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली होती. बाकी पुस्तकात कुठे खूण नाही, टीप नाही. माझे पुष्कळ प्रश्न होते, काही चांगलेच टोकदार. कित्येकांना तिने “मला माहीत नाही” असं सरळ उत्तर दिलं. जे माहीत होतं ते मात्र आवाज न चढवता आणि नजर न चुकवता सांगितलं. तिने मला पटवलं, असं मी कधीच म्हणणार नाही. मी वाचलं, मी विचारलं, आणि मला उत्तर मिळालं. ते उत्तर माझं आणि देवाचं आहे. त्यात तिसऱ्या कुणाचा हात नाही.

श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोचवणं म्हणजे नक्की काय, याची माझी समज तिथूनच आली. आमच्या विश्वासाप्रमाणे शेवटचं उत्तर माणूस माणसाला देऊच शकत नाही. मी कितीही बिनतोड बोलले, तरी फार तर समोरच्याला विचारायच्या उंबरठ्यापर्यंत नेऊ शकते. आत जायचं की मागे फिरायचं, ते त्याच्या मनावर. एवढं एकदा मनाने घेतलं की वाद जिंकण्याची खुमखुमी आपोआप ओसरते.

रोजच्या व्यवहारात लोकांना आमची श्रद्धा आधी दिसते ती तिच्या कडांवरून. आम्ही चहा-कॉफी घेत नाही, दारू नाही, तंबाखू नाही. रविवारी खरेदी आणि कामं शक्यतो टाळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतो आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतो. या कडांना कुणीतरी कधीतरी अडखळतंच. मधल्या सुट्टीत सहकारी कप पुढे करते, मी “नको गं” म्हणते, आणि ती विचारते, “डॉक्टरांनी बंद केलीय का?”

इथे दोन वाटा असतात. “हो, पोटाला चालत नाही” म्हणून विषय मिटवता येतो. किंवा लगेच १८३३ सालचा फेब्रुवारी, ओहायोतलं कर्टलंड, आमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना मिळालेलं, खाण्यापिण्याचे नियम सांगणारं ‘वर्ड ऑफ विस्डम’ नावाचं प्रकटीकरण, असा सगळा पट उलगडता येतो. पहिल्या वाटेने मी माझ्या देवाला लपवते. दुसरीने मी एका कपाच्या प्रश्नाला तासाभराचं उत्तर देते, आणि ती बाई पुन्हा कधी विचारायला धजणार नाही. म्हणून मी एवढंच म्हणते, “नाही, माझ्या धर्मात चालत नाही. देवाशी तसं वचन आहे माझं.” आणि थांबते. थांबणं फार महत्त्वाचं. त्या थांबण्यात तिला मोकळीक असते, की आणखी विचारावं किंवा “बरं” म्हणून ऑफिसच्या गप्पांकडे वळावं. बहुतेक जण वळतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. एखादी थोड्या दिवसांनी, सहज चालता चालता विचारते, “तू त्या दिवशी वचन म्हणालीस, म्हणजे कसलं?” तेव्हा मी पुढचं सांगते. विचारलं तेवढंच सांगायचं, पण जेवढं सांगायचं ते खरं सांगायचं. हातचं राखून नाही आणि पदरचं घालूनही नाही.

येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात हेच सांगितलं आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यपणे आणि आदराने द्या. ‘कुणी विचारलं तर’ हा भाग आपण घाईत ओलांडून जातो. पण विचारायला काहीतरी दिसलं तरी पाहिजे! जगणंच असं असावं की त्यातलं काही दुसऱ्याच्या नजरेला अडावं, त्याला कुतूहल वाटावं. ते नसेल तर नुसतं तयार बसून काय उपयोग?

सॅम्युअल स्मिथ यांची गोष्ट आमच्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. जोसेफ यांचे हे धाकटे भाऊ. १८३० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पल्मायरा गावी बुक ऑफ मॉर्मन छापून झालं. पाच हजार प्रतींच्या छपाईसाठी जोसेफ यांचे अनुयायी मार्टिन हॅरिस यांनी आपली शेतजमीन गहाण ठेवली होती. ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली आणि उन्हाळ्यात सॅम्युअल पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून पायी निघाले. लोकांनी दारं लावली, हाकलून दिलं. हाती काही लागलं नाही असं समजून ते परतले. पण त्यांच्याकडून त्या वर्षी गेलेल्या प्रतींपैकी एक फिनिआस यंग या प्रवचनकाराकडे पोचली होती. ती त्याच्या घरात हातोहात फिरली आणि त्याचा भाऊ ब्रिगम याच्यापर्यंत गेली. हेच ते ब्रिगम यंग, ज्यांनी जोसेफ यांच्या हत्येनंतर लोकांना पश्चिमेकडे नेलं आणि १८४७ च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसवलं.

ही गोष्ट सांगताना शेवटाला नेहमी जोर येतो. बघा, त्या एका पुस्तकातून केवढं घडलं! मला हा जोर थोडा खटकतो. ब्रिगम यंग आले नसते तर सॅम्युअल यांची पायपीट वाया गेली असती का? ते पुस्तक एखाद्या म्हातारीने हिवाळ्यात वाचून बाजूला ठेवलं असतं, तर देवाच्या हिशेबात ती कमी भरली असती? प्रत्येक जिवाचं मोल देवाच्या दृष्टीने मोठं आहे, हे आमच्याच ग्रंथात लिहिलंय. मग गोष्ट सांगताना तो जीव पुढे नेता होतो की नाही, याकडे डोळा कशाला?

माझ्या मते या गोष्टीतला सोन्याचा भाग दुसराच आहे आणि तो घाईत सांगितला जातो. पुस्तक हाती आल्यापासून बाप्तिस्मा घेईपर्यंत ब्रिगम यंग यांनी जवळजवळ दोन वर्षं घेतली. १८३२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात ते वाचत होते, आणि हा धर्म मानणारी माणसं प्रत्यक्षात कशी वागतात ते पाहत होते. त्यांना तेवढा वेळ मिळाला. पुढे ज्यांनी एवढ्या मोठ्या समुदायाला वाळवंट ओलांडायला लावलं, त्यांना स्वतःला पाण्यात उतरायला दोन वर्षं लागली. आज कुणी मला “बघते, विचार करते” म्हणतं, तेव्हा तो नकार आहे असं मी धरून चालत नाही. आणि होकार समजून पाठपुरावाही करत नाही.

पाठपुराव्यावरून आठवलं. एका बाईंनी मला सांगितलेलं मी विसरू शकत नाही. त्यांच्या घरी आमच्या चर्चचे काही लोक येत-जात. आजारपणात डबे आणले, मुलांना सांभाळलं, वाढदिवस लक्षात ठेवले. मग चर्चला येण्याचं आमंत्रण आलं आणि बाईंनी विचार करून नम्रपणे नाही म्हटलं. त्यानंतर हळूहळू फोन थांबले, येणंही थांबलं. “मला धर्म बदलायचा नव्हता,” त्या म्हणाल्या, “पण माणसं हवी होती. ती गेली.”

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. त्या लोकांच्या मनात कपट असेल असं मला वाटत नाही. वेळ मर्यादित असतो, पुढचं कुणीतरी नवीन भेटतं, आणि मैत्री नकळत यादीतल्या नावासारखी होते. पण त्या बाईंच्या बाजूने पाहिलं, तर तो डबा मागे वळून कडू झाला. ज्या मैत्रीच्या पोटात अट दडलेली असते, ती अट उघडी पडताच आधीचा सगळा चांगुलपणा संशयाच्या सावटाखाली जातो. येशूने बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला. उरलेल्या नवांचा रोग काही परत आला नाही.

जोसेफ स्मिथ यांनी १८३९ च्या मार्चमध्ये मिसूरीतल्या लिबर्टी जेलमधून लिहिलेल्या पत्रात यावर थेट शब्द आहेत. अख्खा हिवाळा त्यांनी त्या थंड, बुटक्या छताच्या तळघरात काढला होता. बाहेर त्यांचे लोक राज्यातून हुसकले जात होते. तिथून ते लिहितात की कोणतीही सत्ता किंवा प्रभाव चालवायचा तर तो समजावणीने, सहनशीलतेने, सौम्यतेने, नम्रतेने आणि निखळ प्रेमाने. ढोंग नको, कपट नको. ज्याच्यावर जबरदस्ती चालली होती, त्याच माणसाने जबरदस्तीशिवायच्या प्रभावाविषयी हे लिहावं, म्हणून ते मला फार वजनदार वाटतं. १८४२ मध्ये त्यांनी आमच्या विश्वासाची कलमं मांडली. त्यांतलं अकरावं म्हणतं की आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे देवाची उपासना करण्याचा हक्क आम्ही मागतो, आणि तोच हक्क इतरांनाही देतो, ते कशीही, कुठेही आणि कशाचीही उपासना करोत.

याचं एक चालतंबोलतं उदाहरण जेरुसलेमला आहे. आमच्या ब्रिगम यंग विद्यापीठाचं केंद्र तिथे उभं राहू लागलं तेव्हा जोरदार विरोध झाला. ही मंडळी धर्मप्रसार करणार, अशी भीती होती. शेवटी चर्चने आणि विद्यापीठाने वचन दिलं की तिथे धर्मप्रसार होणार नाही. १९८९ मध्ये हॉवर्ड डब्ल्यू. हंटर यांनी त्या वास्तूचं समर्पण केलं. तिथे शिकायला जाणारे विद्यार्थी आजही तसं लिहून देतात. ज्या चर्चचा प्रत्येक सदस्य मिशनरी, त्याची तरुण मुलं ऑलिव्ह डोंगराच्या रांगेवर, येशूच्या पाऊलखुणांत राहतात, आणि आपल्या धर्माबद्दल प्रचाराचा एक शब्द काढत नाहीत. शब्द देऊन तो पाळणं हीसुद्धा साक्षच आहे. माझ्या लेखी ती व्यासपीठावरच्या कित्येक साक्षींहून वजनाने जास्त भरेल.

बुक ऑफ मॉर्मनमधल्या अम्मोन या धर्मप्रसारकाची कथाही मला या बाबतीत जवळची वाटते. तो शत्रूच्या मुलखात जातो, राजा लमोनायसमोर उभा केला जातो. राजा त्याच्यावर खूश होऊन आपली मुलगी देऊ करतो, तर हा म्हणतो, नको, मी तुझा चाकर होईन. मग तो कळप राखतो आणि लुटारूंपासून वाचवतो. नंतर राजा त्याच्या पराक्रमाने चकित होऊन “तो कुठे आहे?” म्हणून विचारतो, तेव्हा कळतं की अम्मोन घोड्यांना चारा घालतोय, कारण राजाने रथ तयार ठेवायला सांगितलं होतं. पराक्रम करून झाला तरी त्याला नेमून दिलेलं काम आठवतं! आणि पुढे बोलणं निघतं तेव्हा अम्मोन सुरुवात करतो ती राजा ज्या महान आत्म्याला मानतो तिथून. तू आजवर मानलंस ते सगळं खोटं, असं तो म्हणत नाही. माझी धार्मिक बोलणी जिथे बरी झाली, तिथे जवळपास प्रत्येक वेळी मी आधी समोरच्याची प्रार्थना कशी असते ते विचारलं होतं. त्यातून मीही शिकले. दुसऱ्याची भक्ती लक्ष देऊन ऐकल्याने माझी विरघळली नाही, उलट तिला नेमकेपणा आला.

शेजारणीची आई गेली त्या रात्रीचं सांगते. दिवसभर माणसांची ये-जा होती. मी फोन घेत होते, आलेल्यांना बसायला जागा करून देत होते, भांडी उरकत होते. रात्री उशिरा सगळे गेल्यावर ती जमिनीवर बसून आईचे कपडे उगाच उलगडत होती, परत घडी घालत होती. मीही समोर बसून घड्या घालू लागले. बऱ्याच वेळाने ती खाली मान घालूनच म्हणाली, “तुमच्यात म्हणे कुटुंबं मेल्यावरही एकत्र राहतात. तुला खरंच वाटतं तसं?”

आमच्या श्रद्धेचा हा गाभा आहे. आमच्या चर्चच्या मंदिरात पती-पत्नी आणि मुलं एकमेकांशी कायमची जोडली जातात, मृत्यू तो धागा तोडत नाही, असं आम्ही मानतो. याच्यावर मी तासभर बोलू शकले असते. मी म्हटलं, “हो, मला खरंच वाटतं. तुझी आई आहे, आणि तू तिला भेटशील, असं मला वाटतं.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला नाही वाटत. पण तुला वाटतंय हे ऐकून बरं वाटलं.” आम्ही उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. तिने तो विषय पुन्हा काढलेला नाही आणि मीही काढलेला नाही. आमची मैत्री जशीच्या तशी आहे. मला विचारलं तर त्या रात्री जे सांगायचं होतं ते पूर्ण सांगून झालं.

कुणी म्हणेल, खरं काय ते तुला ठाऊक आहे असं मानतेस, मग एवढ्यावर समाधान कसं? घाई नाही का वाटत? याचंही उत्तर आमच्या विश्वासातच आहे आणि ते मला फार मोठा धीर देतं. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिलं महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ जगभर माणसं नेत असताना, तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांना मृतांच्या जगाचं दर्शन झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा स्वतःचा मुलगा गेला होता. त्यांनी पाहिलं की येशूने तिथेही सुवार्ता पोचवण्याची व्यवस्था केली आहे. ज्यांना इथे ऐकायची संधी मिळाली नाही, त्यांना ती तिथे मिळते. हे मनापासून मानणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या मागे लागण्याचं कारण काय? लिफ्टमधल्या माझ्या एका वाक्यावर कुणाचं तारण अडलेलं नाही. देवाकडे वेळ आहे. माझ्याकडे आहे तो फक्त समोरच्या माणसाशी नीट वागण्याचा वेळ.

अवघड प्रश्नांबद्दल थोडं. ते येतातच आणि यायलाच हवेत. “तुमच्यात चार-चार बायका करतात ना?” नाही, १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांच्या जाहीरनाम्याने ती प्रथा बंद व्हायला सुरुवात झाली आणि आज जो कुणी असं लग्न करतो त्याला चर्चमधून काढलं जातं. पण होती का? होती. जोसेफ स्मिथ आणि ब्रिगम यंग दोघांनीही अनेक विवाह केले. “काळ्या लोकांना तुम्ही याजकपण, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, देत नव्हता?” नव्हतो. १९७८ च्या जूनपर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना ते मिळत नव्हतं, आणि त्या वंशाच्या स्त्री-पुरुषांना मंदिरातले विधीही बंद होते. हे सांगताना मला यातना होतात, आणि त्या होतात हेही मी सांगते. सारवासारव केली तर समोरच्याला ती लगेच कळते, आणि मग मी येशूविषयी जे बोलेन त्यावरही तो का विश्वास ठेवील? मंदिरातल्या विधींचे तपशील मात्र मी सांगत नाही. ते आमच्यासाठी पवित्र आहेत, एवढं सांगितलं की बहुतेकांना समजतं.

नावाचंही एक. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल एम. नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नाव, येशू ख्रिस्ताच्या नावासह, वापरायचा आग्रह धरला आणि मी तो पाळते. पण कुणी कुतूहलाने “तू मॉर्मन आहेस ना?” असं विचारलं, तर माझं पहिलं वाक्य “हो” असतं.

सगळ्यात कठीण माणसं म्हणजे घरची. माझ्या बाबांनी माझा बाप्तिस्मा खिलाडूपणे घेतला असं म्हणता येणार नाही. त्यांना वाटलं, आपण दिलेलं काहीतरी मुलीने परत केलं. त्यांच्याशी मी धर्मावर बोलत नसे. बोलणं सुरू झालं ते वंशावळीवरून. आमच्या चर्चमध्ये पूर्वजांची नावं शोधायला फार महत्त्व आहे. फॅमिलीसर्च नावाची चर्चची सेवा सगळ्यांना मोफत खुली आहे, सदस्य असो वा नसो. मी तिथे आमच्या घराण्याची नावं भरत होते आणि बाबांना एकेक विचारत होते. पणजोबांचं मूळ गाव कोणतं? त्यांची दुसरी मुलगी कशाने गेली? बाबा सुरुवातीला तुटक बोलत. मग आठवणी येऊ लागल्या. मग तेच फोन करून सांगू लागले की कालचं नाव चुकलंय, ती थोरली नव्हती, मधली होती.

हे आम्ही का करतो ते मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मृत पूर्वजांसाठी मंदिरात त्यांच्या वतीने बाप्तिस्मा घेतला जातो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्यावर सोडलेलं असतं. हे लपवून नावं काढून घेतली असती तर तो त्यांच्याशी आणि मेलेल्यांशीही दगा झाला असता. शिवाय चर्चचाच नियम आहे की ज्यांचा जन्म गेल्या ११० वर्षांतला आहे, त्यांच्यासाठी जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, त्या मुदतीत येते. माझं तिच्यावर अपार प्रेम होतं. मी विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. “तिने नाही म्हटलं तर चालतं, असं म्हणालीस ना तू?”

“हो. तिच्यावर कुणी काही लादू शकत नाही. देवही नाही.”

“मग तिला विचारता येत नाही तोवर तिच्या वतीने मी नाही म्हणतो. ती तिच्या देवाची होती.”

मी “बरं, बाबा” म्हटलं. मला वाईट वाटलं आणि ते त्यांना दिसलं. पण मी त्यांचं मन वळवायला गेले नाही. त्यांच्या आईविषयी बोलण्याचा हक्क माझ्याआधी त्यांचा आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, बहुधा मी आणखी काही म्हणेन अशी वाट पाहत. मग त्यांनी स्वतःच विचारलं, “आणि तू स्वतः? तुला वाटतं की ती तुझं ऐकेल?”

“मला वाटतं ती आधी मला रागावेल,” मी म्हटलं, “आणि मग ऐकून घेईल.”

ते हसले. पहिल्यांदाच माझ्या श्रद्धेबद्दलच्या बोलण्यात ते हसले. त्यानंतर आम्ही आजीच्या भावंडांच्या जन्मसालांकडे वळलो. दोन ठिकाणी त्यांना माझी नोंद मान्य नाही, आणि जुनी कागदपत्रं काढून दाखवतो असं ते म्हणालेत.